शालेय गणित-विज्ञान शिक्षकांचा व्यावसायिक विकास : धोरण आणि वर्गव्यवहार यांतील अंतराची चिकित्सा
(नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : सेवांतर्गत प्रशिक्षण, उतरंडीची पद्धत, संख्यावाचन, आशयाधारित अध्यापनज्ञान, केंद्रस्तरीय शिक्षण परिषद.

१. प्रस्तावना

नाशिक शहरातील द्वारका हा चौक जिल्ह्याच्या दळणवळणाचे एक प्रमुख ठिकाण आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडून सिन्नरमार्गे येणारा महामार्ग येथे एकमेकांना मिळतात. मालेगाव, चांदवड, निफाड या बाजूचा किंवा सिन्नर तालुक्यातला शिक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या प्रशिक्षणासाठी निघाला, तर बहुधा याच चौकात उतरून पुढचे वाहन धरतो आणि सायंकाळी याच चौकातून परततो. जाताना त्याच्या पिशवीत हजर होण्याचा आदेश असतो. येताना घटकसंच आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र असते. प्रशिक्षणाचा तपशील अहवालात येतो, प्रवासभत्त्याची नोंद देयकात होते. परंतु या दोन प्रवासांच्या मधल्या काळात जे घडले त्यामुळे त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासिकेत काय बदलले, याची नोंद ठेवण्याची जागा कोणत्याही प्रपत्रात नसते.

प्रस्तुत लेखात या रिकाम्या जागेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. शालेय गणित व विज्ञान शिक्षकांचा व्यावसायिक विकास हा आपल्याकडे प्रामुख्याने संदेशवहनाचा प्रश्न मानला गेला. वास्तविक तो विद्यार्थ्यांच्या चुकांचा आणि प्रयोगातील अनपेक्षित निरीक्षणांचा शिक्षकांनी एकत्रितपणे अर्थ लावण्याचा प्रश्न आहे, ही या लेखाची मध्यवर्ती भूमिका होय. या भूमिकेच्या पुष्ट्यर्थ २०१९ मधील मराठी संख्यावाचनाचा वाद, शालेय विज्ञानातील एक परिचित प्रयोग, खिरोदा व होशंगाबाद येथील उपक्रम आणि नाशिक जिल्ह्याची शैक्षणिक परिस्थिती यांचा विचार येथे केला आहे.

२. धोरणांचा मागोवा

सेवांतर्गत प्रशिक्षणाची आवश्यकता आपल्या धोरणकर्त्यांनी ओळखली नव्हती असे म्हणता येणार नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. कोठारी स्वतः पदार्थवैज्ञानिक होते आणि आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांना ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षणकार्याचा प्रत्यक्ष अनुभव होता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची कल्पना मांडली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने तयार झालेल्या गणित अध्यापनविषयक आधारपत्राने गणित शिक्षणाच्या चार मूलभूत समस्या सांगितल्या. भीती व अपयशाची भावना, निराशाजनक अभ्यासक्रम, ढोबळ मूल्यमापन आणि शिक्षकांची अपुरी तयारी व अपुरे साहाय्य, अशा त्या चार समस्या होत.

महाराष्ट्रात जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. केंद्र शासनाने २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर केला आणि २०२० मध्ये तो ‘दीक्षा’ या मंचावरून दूरस्थ स्वरूपात आणला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी किमान ५० तासांचा निरंतर व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे.

या वाटचालीत एक गोष्ट सातत्याने आढळते. कोठारी आयोगाचे महिने असोत वा अलीकडचे ५० तास असोत, मोजमापाचे एकक काळ हेच राहिले. काळ मोजणे सोपे असते, म्हणून ते मोजले जाते. परंतु डॉक्टराच्या कौशल्याची वाढ त्याने ऐकलेल्या व्याख्यानांच्या तासांवरून कोणी ठरवीत नाही. त्याने किती रुग्ण लक्षपूर्वक पाहिले आणि चुकलेल्या निदानातून तो काय शिकला, याला अधिक महत्त्व दिले जाते. शिक्षकाच्या बाबतीत मात्र ही समज धोरणाच्या प्रास्ताविकात राहते आणि अंमलबजावणीत हजेरीपत्रक उरते.

३. उतरंडीची पद्धत आणि तिचे गृहीतक

राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार करावयाचे, त्यांनी जिल्हास्तरीय साधनव्यक्तींना, त्यांनी तालुकास्तरीय सुलभकांना आणि सुलभकांनी शिक्षकांना शिकवावयाचे, ही आपल्याकडील रूढ रचना आहे. तिला उतरंडीची पद्धत असे म्हणता येईल. उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि वरची सर्व मडकी त्याच्या आधाराने उभी असतात. प्रशिक्षणाच्या उतरंडीतही सर्वाधिक संख्या तळाच्या शिक्षकांची असते. परंतु तेथपर्यंत पोहोचेतो आशयाचे प्रमाण घटत जाते. पाच दिवसांचा आशय तीन दिवसांत, तीन दिवसांचा एका दिवसात बसविला जातो. मूळ चर्चेतील शंका, मतभेद आणि फसलेले प्रयत्न वाटेत गळतात. शेवटच्या पायरीवर सरकपट्ट्या आणि सूचना उरतात.

या पद्धतीचा मूळ दोष गळतीत नसून गृहीतकात आहे. ज्ञान वर आहे आणि अज्ञान खाली आहे, हे ते गृहीतक. वस्तुतः इयत्ता तिसरीतील मूल ४२ मधून १७ वजा करताना ३५ हे उत्तर का लिहिते, याची सामग्री राज्यस्तरावर नसते. ती शाळेतील वहीत असते. ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत असते : चारातून एक गेला तीन, सातातून दोन गेले पाच. हा निष्काळजीपणा नव्हे, तो एक सुसंगत परंतु चुकीचा नियम आहे. ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी आहे असे म्हणणारा विद्यार्थीही ३५ आणि ५ यांची तुलना करीत असतो. या नियमाचा शोध घेणे हे शिक्षकाचे खास व्यावसायिक ज्ञान होय. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये आशयाधारित अध्यापनज्ञानाची जी संकल्पना मांडली, तिचा रोख याच ज्ञानाकडे होता. विषय येणे आणि शिकविता येणे यांच्या पलीकडे, हा विशिष्ट घटक मुलांना नेमका कोठे व का अडतो हे कळणे, असे एक तिसरे ज्ञान असते.

या संदर्भात लिपिंग मा यांचा १९९९ मधील तौलनिक अभ्यास उद्बोधक आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवून त्यावर व्यवहारातील प्रसंग रचण्यास सांगितले. सर्व चिनी शिक्षकांनी भागाकार अचूक केला आणि त्यांपैकी बहुसंख्यांना सुयोग्य प्रसंगही रचता आला. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना अचूक उत्तर काढता आले. लक्षणीय बाब ही की, औपचारिक शिक्षणाची वर्षे चिनी शिक्षकांचीच कमी होती. तेथील शिक्षक पाठ्यपुस्तकातील घटकाचा सहकाऱ्यांसमवेत सातत्याने अभ्यास करीत होते. म्हणजे फरक पदवीने पडला नाही. तो शाळेतील सामूहिक अभ्यासाने पडला.

हेच उदाहरण मराठी शिक्षकासमोर ठेवले असता आपल्या परंपरेतील एक विसरलेले भांडवल ध्यानात येते. पावणेदोन किलो साखरेच्या अर्धा-अर्धा किलोच्या किती पुड्या होतील, या प्रश्नाचे उत्तर साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची पाढ्यांची परंपरा ज्या भाषेत होती, त्या भाषेतील विद्यार्थी आज एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश यांचे उत्तर दोन पंचमांश असे लिहितो. पाठांतर गेले याची खंत करण्यात अर्थ नाही. पण त्या पाढ्यांतील गणिती विचार आजच्या अपूर्णांकाच्या पाठाशी कसा जोडावा, हा प्रश्न एखाद्या तरी प्रशिक्षणात चर्चेला यावयास हवा.

४. संख्यावाचनाचा वाद : एक हुकलेली संधी

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकातील संख्यावाचनावरून महाराष्ट्रात मोठा वाद निर्माण झाला. एकवीस, बावीस या प्रचलित नावांबरोबर वीस एक, वीस दोन अशी वाचनाची पद्धत त्यात दिली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्षा, गणितज्ज्ञ डॉ. मंगला नारळीकर (निधन २०२३) यांनी या बदलामागील भूमिका जाहीरपणे स्पष्ट केली. मराठी संख्यानामांतील जोडाक्षरे आणि लेखन व उच्चार यांचा उलटा क्रम मुलांना अवघड जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. विधिमंडळातही या वादाचे पडसाद उमटले. भाषेची मोडतोड होते, पाढ्यांची लय जाते, असे आक्षेप घेतले गेले. विनोदही पुष्कळ झाले.

वादातील दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. ‘त्रेपन्न’ ऐकणारे मूल प्रथम तीन ऐकते आणि नंतर पन्नास. लिहिताना मात्र त्याला पाच आधी लिहावयाचा असतो. म्हणून ते ३५ लिहिते. ‘चौसष्ट’ ऐकून ४६ लिहिणे हे त्याच जातीचे आहे. परंतु ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिणारे मूल वेगळी चूक करीत असते. तेथे क्रमाचा प्रश्न नाही. ‘एकोण’ या शब्दात दडलेली वजाबाकी त्याला उमगलेली नाही. सत्तराला एक उणे, हा अर्थ सांगितल्यावाचून त्या नावाचा उलगडा होत नाही. त्यातही ८९ ला एकोणनव्वद म्हणणारी आपली भाषा ९९ ला मात्र नव्याण्णव म्हणते. तेव्हा नियम सापडला असे वाटणाऱ्या मुलाची पुन्हा पंचाईत होते.

साठ नऊ असे वाचन या दोन्ही अडचणी वर्गात दूर करते, हे खरे. पण तेच मूल बाजारात, बसमध्ये आणि घरी एकोणसत्तरच ऐकते, हेही तितकेच खरे. म्हणून शिक्षकाला दोन्ही वाचनांची सांगड घालता आली पाहिजे : स्थानिक किंमत समजावताना नवे वाचन, व्यवहारासाठी जुने नाव आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचा सराव. कोणत्या मुलाला कोणत्या टप्प्यावर कशाची गरज आहे, हा निर्णय पाठ्यपुस्तक घेऊ शकत नाही. तो शिक्षकालाच घ्यावा लागतो. तेव्हा या वादाचे खरे स्थान केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत होते. दुसरीच्या शिक्षकांनी आपापल्या वर्गांतील श्रुतलेखनाच्या वह्या आणाव्यात, उलट्या क्रमाच्या व ‘एकोण’च्या चुका वेगळ्या कराव्यात आणि दोन महिन्यांनी पुन्हा पडताळून पाहावे, इतके साधे काम त्यासाठी पुरेसे होते. प्रत्यक्षात चर्चा अस्मिता आणि विनोद यांच्यातच फिरली. जो प्रत्यक्ष साक्षीदार होता, त्या शिक्षकाचे निरीक्षण या चर्चेचा आधार क्वचितच बनले. अभ्यासक्रमातील बदल हा शिक्षकाच्या विचाराचा विषय न होता आदेशाचा विषय होतो तेव्हा असेच घडते.

५. विज्ञान : प्रयोग दाखविणे आणि प्रयोग तपासणे

विज्ञानाच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपात समोर येतो. पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा ग्लास उपडा ठेवण्याचा प्रयोग बहुतेक सर्व शिक्षकांना ठाऊक असतो. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते आणि निष्कर्ष सांगितला जातो : हवेत सुमारे एकपंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, म्हणून तेवढे पाणी चढले. प्रयोग यशस्वी झाला, टाळ्या झाल्या.

वास्तविक हे स्पष्टीकरण सदोष आहे. ज्वलनात ऑक्सिजन खर्च होतो. परंतु त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड व बाष्प तयार होते आणि सर्व ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी ज्योत विझते. ग्लास खाली आणताना ज्योतीच्या उष्णतेने हवा प्रसरण पावलेली असते व तिचा काही भाग बाहेर निसटतो. ज्योत विझल्यावर आतील हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते, दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला आत ढकलतो. पाणी चढण्यामागे मुख्य वाटा याचा आहे. हे तपासण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. पाणी नेमके केव्हा वेगाने चढते, ज्योत जळत असताना की विझताना, एवढेच पाहावे. एका मेणबत्तीऐवजी तीन मेणबत्त्या ठेवाव्यात. पाणी अधिक चढते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तर मेणबत्त्यांच्या संख्येने बदलत नाही!

येथे प्रशिक्षणाच्या दोन कल्पना समोरासमोर येतात. पहिल्या कल्पनेनुसार शिक्षकाला प्रयोगांची यादी, साहित्यपेटी आणि अपेक्षित निष्कर्ष पुरविले जातात. दुसऱ्या कल्पनेनुसार शिक्षक तोच प्रयोग सहकाऱ्यांसमवेत करून पाहतो, अपेक्षेविरुद्ध दिसलेले नोंदवतो आणि पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरणालाही प्रश्न विचारतो. पहिल्या प्रकारात शिक्षक प्रयोग दाखवितो. दुसऱ्यात तो विज्ञान करतो. ज्याने स्वतः एकदाही आपले स्पष्टीकरण चुकीचे ठरताना अनुभवले नाही, त्याने विद्यार्थ्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवावा ही अपेक्षा अवाजवी आहे.

या प्रश्नाला एक संरचनात्मक बाजूही आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमाच्या (२००९) अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी गणित आणि विज्ञान यांसाठी मिळून किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. त्यामुळे जीवशास्त्राचा पदवीधर बीजगणित शिकवतो आणि गणिताचा पदवीधर पेशी व उत्सर्जनसंस्था शिकवतो. दोन्ही विषयांचा भार वाहणाऱ्या या शिक्षकाला आपल्या दुबळ्या विषयाचे साहाय्य हवे असते. परंतु ‘माझा हा विषय कच्चा आहे’ असे निर्भयपणे सांगण्याची जागा उतरंडीच्या कोणत्याही पायरीवर नसते.

६. खिरोदा व होशंगाबाद : पर्यायांचा अनुभव

पर्यायी वाट आपल्याकडे कधी चोखाळलीच गेली नाही असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. केंद्राचे संस्थापक संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रकल्प राबविला गेला. नाशिक विभागातीलच हा परिसर असल्याने त्याचे स्मरण येथे विशेष प्रस्तुत ठरते. स्थानिक शिक्षकांशी सातत्याने संपर्क, परिसरातील अल्पमोली साहित्य आणि पाठ्यपुस्तकी भाषेची चिकित्सा यांवर या कामाचा भर होता. विज्ञान समजत नाही असे ज्या मुलांबद्दल म्हटले जाते, त्यांना पुष्कळदा विज्ञान नव्हे तर त्याची संस्कृतप्रचुर भाषा समजत नसते, ही जाणीव कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाने ठळक केली. हा शोध मुंबईच्या कार्यालयात बसून लागणारा नव्हता. तो वर्गात मुलांसमोर बसून लागला.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७८ मध्ये जिल्ह्यातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांत पोहोचला. (तेथे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी.) त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. प्रत्येक इयत्तेसाठी सुमारे तीन आठवड्यांचे उन्हाळी प्रशिक्षण, वर्षभर शिक्षकांच्या मासिक बैठका, शाळाभेटी, साहित्यसंच आणि पुस्तक उघडून द्यावयाची परीक्षा, अशी तिची अंगे होती. मासिक बैठकीत शिक्षक आपल्या वर्गातील अडचणी मांडत आणि त्यांच्या अनुभवावरून पाठ्यपुस्तकात सुधारणा होत. म्हणजे शिक्षकाकडून वर जाणारा प्रवाह येथे औपचारिकरीत्या मान्य केलेला होता. परीक्षा बदलल्यावाचून अध्यापन बदलत नाही, हेही या कार्यक्रमाने ओळखले होते.

तथापि या उपक्रमांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादांकडे डोळेझाक करता येणार नाही. खिरोद्याचे काम प्रकल्पाच्या स्वरूपात राहिले. राज्याच्या नित्य यंत्रणेचे ते अंग बनले नाही. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालून २००२ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने बंद झाला. ध्येयवादी व्यक्तींच्या बळावर उभे राहिलेले काम यंत्रणेत मुरले नाही, तर एका आदेशाने ते संपते. उतरंडीकडे यंत्रणा आहे पण विचारविनिमय नाही. प्रकल्पांकडे विचारविनिमय होता पण यंत्रणेचा आधार टिकला नाही. गेल्या अर्धशतकातील आपल्या शिक्षक-प्रशिक्षणाची कोंडी या एका वाक्यात मांडता येईल.

७. नाशिक जिल्ह्याचा संदर्भ

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी नाशिक जिल्हा अनेक दृष्टींनी अनुकूल आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड. शिक्षणक्रम देण्याचा मोठा अनुभव या विद्यापीठाकडे आहे. सेवेतील शिक्षकाची स्वतःची शाळा हीच त्याची प्रयोगशाळा होऊ शकते, ही या प्रकारच्या शिक्षणक्रमाची अंगभूत शक्यता होय. मात्र स्वाध्यायपुस्तिका पूर्ण करणे हे साध्य बनले, तर ही शक्यता कागदावरच राहते आणि वेतनश्रेणीसाठी मिळविलेली पदवी एवढाच तिचा अर्थ उरतो.

जिल्ह्यातील १५ तालुक्यांचे भाषिक व सामाजिक वैविध्य हा आणखी महत्त्वाचा मुद्दा आहे. सुरगाणा व पेठ येथील अनेक मुलांची घरची भाषा कोकणा आहे. बागलाण, देवळा, कळवण, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. मालेगाव शहरात उर्दू माध्यमाच्या शाळांची संख्या मोठी आहे. संख्यावाचनाचा प्रश्न या सर्व ठिकाणी सारखा असणार नाही. ‘एकोणसत्तर’ हा शब्द घरी ज्याने क्वचितच ऐकला, त्याच्यासाठी कदाचित साठ नऊ हेच पहिले व सोपे नाव ठरेल. कदाचित ठरणारही नाही. हे शोधून काढणे सुरगाण्याच्या शिक्षकालाच शक्य आहे. एकच घटकसंच एकाच दिवशी सर्व तालुक्यांत वाचला जातो, तेव्हा समानतेचा आभास निर्माण होतो, परंतु प्रश्न अनुत्तरित राहतात.

शहरी व निमशहरी भागात सेमी इंग्रजीचा प्रसार झाल्याने या प्रश्नाला नवी धार आली आहे. मराठी माध्यमातून शिकलेला शिक्षक तेथे गणित व विज्ञान इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकवतो. स्पष्टीकरण मराठीत, व्याख्या इंग्रजीत आणि परीक्षेसाठी पाठांतर, असा एक मिश्र व्यवहार रूढ झाला आहे. विज्ञानाच्या भाषेचा जो अडसर अर्धशतकापूर्वी ओळखला गेला होता, तो नव्या रूपाने परतला आहे. तरीही दोन भाषांच्या सीमेवर उभे राहून संकल्पना कशी शिकवावी, या विषयाला प्रशिक्षणांत मिळणारे स्थान नगण्य आहे.

८. संभाव्य आक्षेप

वरील विवेचनावर काही आक्षेप घेतले जाणे स्वाभाविक आहे. पहिला आक्षेप व्याप्तीचा. लाखो शिक्षक असलेल्या राज्यात उतरंडीवाचून गत्यंतर नाही, असे म्हटले जाते. धोरणातील बदल, नवी मूल्यमापन पद्धती किंवा पाठ्यपुस्तकाची ओळख यांसाठी हा आक्षेप ग्राह्य आहे. माहिती पोहोचविण्यासाठी उतरंड व दूरस्थ माध्यम जरूर वापरावे. परंतु माहिती पोहोचणे म्हणजे व्यावसायिक विकास नव्हे, एवढा विवेक ठेवला पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, शिक्षकांवर सोपविले तर बैठकींचे रूपांतर गप्पांत होईल. ही भीती निराधार नाही. केंद्रस्तरीय शिक्षण परिषद आजही अस्तित्वात आहे आणि अनेक ठिकाणी तिचा वेळ परिपत्रकांचे वाचन व माहितीची प्रपत्रे यांतच जातो. परंतु हा दोष विषयपत्रिकेचा आहे. बैठकीत चर्चेसाठी वह्या व प्रयोग असतील, तर चर्चेला शिस्त आपोआप येते.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. उपरोक्त अधिनियमानेच जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका ही कामे अपवाद म्हणून मान्य केली आहेत. त्यांखेरीज दैनंदिन माहिती भरण्याचे ओझे आहेच. थकलेल्या शिक्षकाकडून चिंतनशीलतेची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा अन्याय ठरेल. म्हणूनच नव्या तासांची भर न घालता धोरणाने दिलेल्या ५० तासांचीच फेरमांडणी करणे युक्त होय.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सूचित होतात. पहिली बाब, वार्षिक ५० तासांपैकी ३० तास, म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांत दरमहा तीन तास, केंद्रस्तरावर गणित-विज्ञान शिक्षकांच्या नियमित अभ्यासबैठकीसाठी राखून ठेवावेत आणि उर्वरित २० तास विषयज्ञानाच्या दृढीकरणासाठी द्यावेत. ते शिक्षकाच्या दुबळ्या विषयासाठी त्याच्या स्वतःच्या निवडीने असावेत. दुसरी बाब, प्रत्येक बैठकीचा आधार विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष काम किंवा प्रत्यक्ष केलेला प्रयोग हा असावा. तिसरी बाब, बैठकींतील निरीक्षणे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत पाठ्यपुस्तक मंडळापर्यंत पोहोचण्याची आणि त्यांना उत्तर मिळण्याची व्यवस्था असावी. उत्तर न मिळणारा अभिप्राय दुसऱ्यांदा कोणी लिहीत नाही. चौथी बाब, परिसरातील वरिष्ठ महाविद्यालयांच्या गणित व विज्ञान विभागांनी या बैठकींना विषयसाहाय्य द्यावे. शालेय विद्यार्थ्यांच्या कच्च्या पायाबद्दल महाविद्यालयीन प्राध्यापक नेहमी तक्रार करतात. तो पाया जेथे घातला जातो तेथे महिन्यातून एक दुपार घालविण्याची जबाबदारी त्यांनाही टाळता येणार नाही. अर्थात त्यांनी तेथे शिकविण्यापेक्षा ऐकण्यासाठी जाणे अधिक उपयुक्त ठरेल.

या सूचनांना मोठा निधी लागत नाही. त्यांना शिक्षकाविषयीची वेगळी धारणा लागते. शिक्षक हा निर्णयांचा अंमलदार आहे की वर्गातील ज्ञानाचा साक्षीदार व निर्माता आहे, या प्रश्नाचे उत्तर आपण काय देतो यावर पुढील सर्व काही अवलंबून आहे. द्वारका चौकातून सायंकाळी गावाकडे परतणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीत प्रमाणपत्र असण्यास हरकत नाही. परंतु सकाळी येताना त्याच पिशवीत ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणाऱ्या मुलाची वही होती का, आणि दिवसभरात कोणी ती उघडून पाहिली का, या दोन प्रश्नांवरच त्या प्रशिक्षणाचे खरे मूल्यमापन व्हावयास हवे.